पुढे मी, मागे ते दोघं

काठगोदामच्या फलाटावर पाय ठेवला की हिंदी बंद. हा नियम माझा. चहावाल्याशी, जीपवाल्याशी, वाटेत भेटणाऱ्या पहाडी माणसांशी हिंदी चालेल. पण आम्ही तिघांनी आपसात बोलायचं ते मराठीतच, पुन्हा त्याच फलाटावर परत येईपर्यंत. जो चुकेल त्याने त्या दिवसाची भांडी घासायची. लेकीला उन्हाळ्याची सुट्टी लागली की वर्षातून एकदा सहा-सात दिवसांचा ट्रेक ठरलेला. असे आठ ट्रेक आम्ही केले, आणि आठही ट्रेकला भांडी आमच्या ह्यांनीच घासली.

मला त्याचं हसू यायचं. हे अकोल्याचे. डोंगर चढणं म्हणजे काय ते लग्न होईपर्यंत ठाऊक नाही. नोकरी लखनौच्या विमानतळावर, अमौसीला, धावपट्टीच्या दिव्यांची देखभाल करायची. दिवसभर सपाट जागेत वावरणारा माणूस, चढ लागला की दहा पावलांवर कमरेवर हात ठेवून उभा. आणि जिभेवर हिंदी अशी बसलेली की झोपेतसुद्धा "अरे यार" म्हणायचे. संध्याकाळी तंबूजवळून पातेली, ताटल्या घेऊन खालच्या ओढ्याकडे निघाले की मी विचारायचे, "आज किती वेळा चुकलात?" ते म्हणायचे, "कॅप्टन, मोजणं सोडून दिलं." परत यायचे तेव्हा हात लालभडक झालेले असायचे. मी म्हणायचे, बरं झालं, अशीच खोड मोडेल. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

पण हा नियम का केला ते आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला नुसती कजाग बाई समजाल. कजाग मी आहेच, ती गोष्ट वेगळी.

मी साताऱ्याची. कॉलेजात असताना रविवार उजाडला की आम्ही चार-पाच मुली अजिंक्यतारा, सज्जनगड, नाहीतर चंदन-वंदन. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यायची आणि संध्याकाळी पाय भरून आल्यावर परतायचं. लग्नानंतर बँकेतली बदली मागून घेतली आणि लखनौला आले, हजरतगंजच्या शाखेत. अलीगंजमध्ये आधी भाड्याने राहिलो, मग तिथेच घर घेतलं. लेक त्या गल्लीत वाढली. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं, अशी घराची रीत पडली. "जेवायला चल गं." "आ रही हूँ ना." "आज सब्जी काय करू?" "कुछ भी, बस लौकी मत बनाना." हे म्हणायचे, तिला सगळं कळतंय ना, मग झालं तर. खरं सांगते, ती सात वर्षांची होईपर्यंत मलाही ते चालत होतं.

मग माझ्या भावाचं लग्न आलं. साताऱ्याला मांडवात पंगत बसली होती आणि माझी लेक माझ्या चुलतीला म्हणाली, "नानी, पानी दीजिए ना." पोरं फिदीफिदी हसायला लागली. "हिंदीवाली आली, हिंदीवाली आली," म्हणून दोन दिवस तिच्या मागे लागली. ते एक वेळ सोडून दिलं असतं, पोरंच ती. पण चुलती सगळ्यांच्या देखत मला म्हणाली, "पोटच्या पोरीला आपली भाषा देता येऊ नये तुला? कसली गं नोकरी करतेस?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. परतीच्या गाडीत मी ह्यांच्याशी अक्षर बोलले नाही, जणू तो गुन्हा ह्यांचाच होता. भोपाळ यायच्या आत मी ठरवून टाकलं होतं की पोरीला डोंगरात न्यायचं.

लखनौच्या आसपास डोंगर कुठला असायला? आमच्याकडे चढ म्हणजे गोमतीवरचा पूल. पण रेल्वेने काठगोदाम आणि तिथून जीपने वर गेलं की कुमाऊं. तिथे टीव्ही नाही, मैत्रिणी नाहीत, शेजारच्या आंटी नाहीत. आम्ही तिघंच. माझं लहानपण डोंगरात गेलं आणि मराठीत गेलं. दोन्ही एकदमच तिच्यात उतरेल, असा माझा हिशेब. शिवाय कुटुंबाने एकत्र चालावं, घाम गाळावा, एका पातेल्यातलं खावं, म्हणजे माणसं जवळ येतात, हे मी मनापासून मानत होते. अजूनही मानते. ती जवळ आलीच की. फक्त माझ्या जवळ नाही आली.

चालताना आमचा क्रम ठरलेला. पुढे मी, मागे ते दोघं. मला हळू चालता येत नाही, पाय आपोआप पडतात. मी एखाद्या वळणावर थांबून पाणी प्यायले, वळून बघितलं, तर खाली झाडीतून त्यांच्या दोन टोप्या दिसायच्या, एक मोठी, एक छोटी. दिसल्या की मी पुन्हा चालायला लागायचे. आमच्यात पन्नास-साठ पावलांचं अंतर कायम.

आणि मागून पुटपुट यायची. सगळीकडे नाही. बांजाच्या, देवदाराच्या जंगलातून रुंद वाट असली की ते दोघं गप्प असायचे, नाहीतर मोडकीतोडकी मराठी बोलायचे, "बाबा, ते फूल बघ." हो, घरी ती "पापा" म्हणायची, पण ट्रेकवर "बाबा"च म्हणायचं, हेही मीच ठरवलेलं. पण वाट अरुंद झाली, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी, की हमखास पुटपुट सुरू व्हायची. शब्द नीट कळायचे नाहीत, पण हिंदीचा हेल कळायचा. मी मागे न बघता ओरडायचे, "मराठी!"

पुटपुट बंद. मग ह्यांचा आवाज, "सॉरी, सॉरी, मीच बोललो."

अरुंद वाटेवरच का, असा प्रश्न मला आठ वर्षांत एकदाही पडला नाही. मी बँकेत लोकांच्या सह्या ताडून बघणारी बाई. एक वेलांटी इकडची तिकडे झाली तरी माझ्या नजरेतून सुटायची नाही. आणि हे सुटलं.

संध्याकाळी तंबूपुढे बसायचो. मी साताऱ्याचे किस्से सांगायचे, हे हसायचे, आणि लेक गुडघ्यावर हनुवटी टेकवून ऐकत राहायची. विचारलं तर "हो", "छान आहे", "नको". घरी अलीगंजला हीच मुलगी शाळेतून आली की दप्तर काढायच्या आधी तोंडाचा पट्टा सुरू करायची, टीचरने काय म्हटलं, रिक्षावाल्या भैयाने काय म्हटलं, कोणाचं कोणाशी भांडण झालं. डोंगरात आली की गप्प. मला वाटायचं, डोंगराने पोर शांत होते. मी तसं सगळ्यांना सांगायचेसुद्धा. बँकेत फोटो दाखवायचे, आम्ही तिघं, मागे बर्फाची शिखरं, तिघांचे चेहरे उन्हाने रापलेले. बायका म्हणायच्या, "मैडम, आप लोग कितने लकी हो." मी मान डोलवायचे.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तर एकदा माझं भाषण ठेवलं होतं, कुटुंब आणि डोंगर या विषयावर. आठ ट्रेकांपैकी सहा झाले होते तेव्हा. मी अर्धा तास बोलले. घर जोडून ठेवायचं असेल तर वर्षातून आठवडाभर पायी चला, असं म्हटलं. भाषा पायांतून उतरते, असंही काहीतरी म्हटलं. टाळ्या पडल्या. शाल, श्रीफळ मिळालं. हे दुसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते आणि शेजारी लेक बसली होती. तिने ह्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं तोंडावर हात ठेवून हसले. मी व्यासपीठावरून डोळे वटारले. काय म्हणाली होती, कोण जाणे. ते विचारायचंही राहूनच गेलं.

आठवा ट्रेक बागेश्वरच्या पुढचा. लेक पंधरा वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी एका वळणाला दरड कोसळून वाट निम्मी वाहून गेलेली होती. शंभरएक पावलांचा तुकडा, जेमतेम एक माणूस जाईल एवढा, आणि खाली सगळी सुटी माती आणि दगड, थेट नदीपर्यंत. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. काठी टेकत मी पार झाले आणि पलीकडे एका दगडावर बसून त्यांची वाट बघू लागले. ते दोघं त्या तुकड्यावर आले, ती पुढे, हे मागे, ह्यांचा एक हात तिच्या सॅकवर. आणि पुटपुट सुरू झाली. ह्या वेळी समोरून येत असल्यामुळे मला शब्दसुद्धा कळत होते. टेम्पो, टॉवर, भाईसाहब, असलं काहीतरी वेडगळ.

मला राग आला. दिवसभर चालून पाय दुखत होते, जेवण झालं नव्हतं, आणि हे दोघं मजा करतायत. मी ओरडले, "मराठी! किती वेळा सांगायचं?"

हे गप्प झाले. लेक जागच्या जागी थांबली.

ती किती वेळ थांबली ते मला नीट सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील, दहा असतील. मी म्हटलं, "अगं चल की. काय झालं?" ती हलेना. "बावळटासारखी काय उभी राहिलीस? वाट आहे ना समोर?" हे मागून म्हणाले, "येतोय, येतोय, तू थांब जरा." मग माझी लेक, पंधरा वर्षांची, जवळजवळ माझ्याएवढी उंच झालेली मुलगी, त्या वाटेवर खाली बसली आणि बसल्या बसल्या हातांनी सरकत पुढे आली. अर्धी वाट तशी आली. पँट फाटली, तळहात सोलवटले. माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "कसले नखरे हे? साताऱ्यात तुझ्यापेक्षा लहान पोरी पळत जातात असल्या वाटेवरून."

तिने तोंड उघडलं. "मम्मी, मुझे—"

"मराठीत," मी म्हणाले.

तिने सोलवटलेले तळहात पँटला पुसले. मग म्हणाली, "काही नाही."

त्या संध्याकाळीही भांडी ह्यांनीच घासली. मी विचारलंही नाही किती वेळा चुकलात म्हणून, आणि तेही "कॅप्टन" म्हणाले नाहीत.

पुढच्या वर्षी लेक म्हणाली, कोचिंग आहे. त्याच्या पुढच्या वर्षी बोर्ड. मग कॉलेज, मग नोकरी लागून ती पुण्याला गेली. आमचे ट्रेक बंद पडले ते पडलेच. मी सगळ्यांना सांगायचे, आजकालच्या मुलांना अभ्यासापुढे वेळ कुठे असतो. दोन्ही तंबू माळ्यावर गेले.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. थंडीचे दिवस होते, सकाळी अंघोळीला म्हणून उठले आणि पलंगाच्या कडेवर बसले ते बसलेच. तीन महिन्यांत निवृत्त व्हायचे होते. लेक पुण्याहून आली, पंधरा दिवस राहिली, सगळं तिने केलं, कागदपत्रं, नातेवाईक, माझी औषधं. आणि त्या पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आलं की ती माझ्याशी मराठीत बोलते. अस्खलित. "आई, तू जरा पड. मी बघते त्यांचं चहापाण्याचं." मी चाट पडले. विचारलं तर म्हणाली, "अगं, ऑफिसात सगळे मराठीच बोलतात. रूममेट कोल्हापूरची. दीड-दोन वर्षांत येऊन गेली आपोआप."

आपोआप! ज्याच्यासाठी मी आठ वर्षं डोंगर उपसले, ते पुण्याच्या कँटीनमध्ये आपोआप आलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा. पण शेजारच्या आंटी भेटायला आल्या की ती त्यांच्या गळ्यात पडून हिंदीत भडाभडा बोलायची, रडायची, मध्येच नाक पुसत हसायचीही. आणि माझ्याकडे वळली की पुन्हा ती नीटनेटकी मराठी, "आई, जेवलीस का? गोळी घेतलीस का?" बँकेत काउंटरवर आम्ही गिऱ्हाइकाशी बोलायचो तशी. चुकीचा शब्द एक नाही. मनातला शब्दही एक नाही.

मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा आम्ही दोघी हजरतगंजला गेलो होतो. परत येताना मेट्रो धरायची म्हणून खाली उतरायला लागलो. तिथला सरकता जिना बराच लांब आहे, वरून बघितलं की थेट खालपर्यंत दिसतं. मी पुढे उतरले. दोन-चार पायऱ्यांवर मागे बघितलं तर लेक वरच उभी. लोक तिच्या बाजूने उतरतायत आणि ही कठडा धरून ओठ हलवतेय. मग डोळे समोर भिंतीवर ठेवून तिने पायरीवर पाय टाकला आणि पूर्ण खाली येईपर्यंत ओठ हलवत राहिली. खाली आल्यावर मी विचारलं, "काय पुटपुटत होतीस?"

"काही नाही," ती म्हणाली.

हे "काही नाही" मी ओळखलं. बारा वर्षांनी ओळखलं, पण ओळखलं. घरी येऊन ती मटार सोलायला बसली तेव्हा मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "मला सांग. कुठल्याही भाषेत सांग."

ती मटार सोलत राहिली आणि सोलता सोलता मराठीतच सांगितलं. "मला उंचीची भीती वाटते, आई. पहिल्यापासून. खाली बघितलं की पायातलं बळ जातं. पहिल्या ट्रेकला पापांच्या लक्षात आलं. ते म्हणाले, नीचे मत देख, मेरी तरफ सुन. आणि गोष्ट सांगायला लागले."

गोष्ट एका टेम्पोची होती. चारबागच्या स्टँडवरचा म्हातारा टेम्पो, त्याला विमान व्हायचं असतं. तो अमौसीला जातो आणि ह्यांच्या त्या दिव्यांपाशी, विमानांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. टॉवरला विचारतो, "भाईसाहब, हम उड़ लें?" दर वेळी काहीतरी अडतं. कधी धावपट्टीवर म्हैस येते, कधी मागच्या सीटवर एका आंटीचा भाजीचा झोला राहिलेला असतो आणि तो आधी अलीगंजला पोचवावा लागतो. वाट अरुंद झाली की गोष्ट सुरू, रुंद झाली की तिथल्या तिथे बंद. पुढच्या अरुंद वाटेवर, नाहीतर पुढच्या वर्षी, तिथूनच पुढे. आठ वर्षं.

"आणि मी ओरडले की?" मी विचारलं.

"तू ओरडलीस की ते गप्प व्हायचे. मग मी मनात पावलं मोजायचे."

मी विचारलं, "पण त्यांनी मला का सांगितलं नाही? एवढी कसली मी राक्षसीण होते?"

"मीच शपथ घातली होती. तू म्हणाली असतीस, साताऱ्याच्या बाईची मुलगी आणि घाबरते." तिने सोललेले मटार माझ्या पुढ्यात सरकवले. "भांडी मी घासते म्हणाले तर ते ऐकायचे नाहीत. म्हणायचे, तेरे हाथ ठंडे हो गए तो कल मेरा हाथ कैसे पकड़ेगी."

मी म्हणाले असते. शब्दन् शब्द तसंच म्हणाले असते. म्हणालेच होते की, त्या दरडीवर. त्या रात्रीपासून मला एकच गोष्ट छळते. माणूस गेला, त्याला आता विचारता येत नाही, सॉरी म्हणता येत नाही. ही एक उरली आहे. ही तरी माझ्याशी कधी त्या शेजारच्या आंटीशी बोलते तशी बोलेल का? की माझ्या वाट्याला शेवटपर्यंत "गोळी घेतलीस का" एवढंच?

मीच म्हटलं, आपण एकदा जाऊ या पुन्हा, बागेश्वरला. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "जाऊ. मलाही त्या वळणापर्यंत जायचंय एकदा." ह्या मे महिन्यात गेलो. काठगोदामच्या फलाटावर उतरताच मी म्हणाले, "आता तो नियम नाही हं. जे वाटेल त्यात बोल." ती म्हणाली, "ठीक आहे, आई." आणि मराठीतच बोलत राहिली.

माझे गुडघे आता कुरकुर करतात, त्यामुळे तीन दिवसांच्या वाटेला चार दिवस लागले. ते वळण आलं. वाट दुरुस्त केली आहे, दगड रचलेत, पण रुंदी तेवढीच, आणि खाली नदी तशीच. ती थांबली. मी म्हटलं, "ह्या वेळी तू पुढे हो. मी मागे राहते, तुझी सॅक धरते. गोष्ट... मला पूर्ण येत नाही, पण सांगते, तू शिकव."

ती हसली. रागाने नाही, अगदी समजुतीने. मला तो राग परवडला असता. "नको आई. तू मागे असलीस की मला घाई होते. तू पुढेच चाल. नेहमीसारखी."

मी पुढे चालले. काठी टेकत, पावलागणिक बघत. वीस-पंचवीस पावलांवर मागून आवाज आला. लेकीचाच, पण अकोल्याच्या माणसाची हिंदी कशी असते, तशी. "तो टेम्पो ने टावर से पूछा, भाईसाहब, अब तो रास्ता साफ़ है, हम आ जाएँ?" थोडं थांबून जाड आवाजात, टॉवरचं उत्तर, "रुको, रुको, पहले पीछे वाली आंटी को उतार दो." मग पुन्हा टेम्पो. दोन्ही आवाज तीच काढत होती. मी मागे वळले नाही. वळले असते तर ती गप्प झाली असती, हे एवढं आता मला कळतं. पलीकडे पोचले, त्याच दगडावर बसले आणि दुसरीकडे बघत राहिले. ती आली, तळहात पँटला पुसले आणि म्हणाली, "चल, पुढे चहा मिळतो का बघू."

संध्याकाळी खिचडी झाल्यावर मी दोघींच्या ताटल्या आणि पातेलं उचललं. तिने माझ्या हातातून काढून घेतलं.

"दे इकडे. आज हिंदी मी बोलले."

"अगं, तो नियम आता नाही म्हटलं ना मी तुला?"

"असू दे गं. सवय आहे," ती म्हणाली आणि ओढ्याकडे उतरायला लागली.

मी तिच्यामागून गेले. आठ ट्रेक केले, पण ओढ्यापर्यंत मी कधी उतरले नव्हते. पाणीसुद्धा हेच भरून आणायचे. तिच्या शेजारी बसले, एक ताटली घेतली आणि पाण्यात हात घातला. घातला तसाच बाहेर काढला. बोटं बधिर होऊन दुखायला लागली. ते पाणी एवढं गार असतं, हे मला ठाऊकच नव्हतं.